कंट्रोल पास, केस नापास: ब्रेन ट्यूमरच्या फिशमध्ये ईजीएफआरचे सिग्नल पुन्हा पुन्हा फिके येतात तेव्हा

जानेवारीचा दुसरा आठवडा. निफाडचा पारा एक आकड्यावर घसरला की नाशिकमध्ये आमच्या लॅबची फरशी सपाता घालूनही पायाला चावते. त्या आठवड्यात ब्रेन ट्यूमरचे तीन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे, फिशला लागले होते. फिश म्हणजे पेशीतल्या ठरावीक जीनवर चमकणारा प्रोब, म्हणजे डीएनएचा रंगीत तुकडा, चिकटवायचा आणि त्याचे ठिपके मायक्रोस्कोपखाली मोजायचे; इथे तो जीन ईजीएफआर, पेशीला वाढायला सांगणारा. एक इथलाच, एक मालेगावकडून, एक धुळ्याहून. सकाळी अंधाऱ्या खोलीत तिन्ही स्लाइड पाहिल्या, तर तिन्हींत एकच चित्र: हिरवट-निळं धुकं, आणि त्यात हिरवा ठिपका असलाच तर असा की आहे म्हणावं तर नाही, नाही म्हणावं तर आहे. लाल तर औषधालाही नाही. शेजारची टॉन्सिलची कंट्रोल स्लाइड, म्हणजे पद्धत नीट चालली का हे पाहायला सोबत लावलेली, मात्र लखलखीत. दोन लाल, दोन हिरवे, मोजून घ्या.

"ताई, कंट्रोल तर झकास आलाय. म्हणजे आपलं काही चुकलं नाही, ब्लॉकच खराब," आमचा सिन्नरचा ज्युनिअर म्हणाला. मीही मान डोलावली. तिथेच फसले.

ग्लायोमाच्या (मेंदूच्या आधारपेशींतून वाढणाऱ्या गाठीच्या) ब्लॉकवर ईजीएफआर फिश करणारे आणि दर थोड्या दिवसांनी रजिस्टरमध्ये 'सिग्नल अस्पष्ट, रिपीट' असं लिहिणारे जे कोणी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. रिपीटचा भुर्दंड प्रोबच्या किमतीपुरता नसतो. सुईने घेतलेली ब्रेन बायोप्सी कधी कधी तांदळाच्या दाण्याएवढी असते. दोनदा सेक्शन (पातळ काप) कापले की ब्लॉकमध्ये नुसतं मेण उरतं, आणि पेशंटला परत टेबलावर घ्या असं कोण सांगणार?

ही तपासणी एवढी जिवाची का, तेही थोडक्यात. २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणानुसार मोठ्या माणसातला डिफ्यूज अ‍ॅस्ट्रोसायटिक ग्लायोमा, ज्यात आयडीएच किंवा एच३ जीनमध्ये म्युटेशन (बदल) नाही, नेक्रोसिस (मेलेल्या पेशींचा भाग) नाही, रक्तवाहिन्यांची गुच्छासारखी वाढही नाही, म्हणजे दिसायला ग्रेड २ किंवा ३ चा. त्यातही ईजीएफआर अ‍ॅम्प्लिफिकेशन (त्या जीनच्या प्रती बेसुमार वाढणं), टर्ट प्रमोटर म्युटेशन (टर्ट जीन चालू करणाऱ्या भागातला बदल), किंवा ७ नंबरचा क्रोमोसोम वाढलेला आणि १० नंबरचा गमावलेला, यांपैकी एक जरी सापडलं तरी निदान ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४ असंच द्यायचं. म्हणजे दिसायला गरीब गाठ कागदावर एकदम वरच्या ग्रेडला जाते. त्यामुळे 'सिग्नल दिसले नाहीत' आणि 'अ‍ॅम्प्लिफिकेशन नाही' या दोन वाक्यांत गल्लत झाली, तर तिची किंमत लॅबबाहेरचा माणूस मोजतो.

काय दिसायला हवं

आमच्या किटमध्ये लाल प्रोब ईजीएफआर जीनवर बसतो. तो ७ नंबरच्या क्रोमोसोमच्या आखूड बाहूवर, ७पी११.२ या पट्ट्यात. हिरवा प्रोब त्याच क्रोमोसोमच्या सेंट्रोमिअरवर, म्हणजे दोन बाहू जोडणाऱ्या आवळलेल्या जागी. हा पट्टा सेंट्रोमिअरच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे निरोगी पेशीत लाल-हिरव्याच्या दोन जोड्या बहुधा शेजारी शेजारी दिसतात, लग्नातल्या फोटोसारख्या. अ‍ॅम्प्लिफिकेशन असलेल्या पेशीत हिरवे दोन, तीन, फार तर पाच, आणि लाल मात्र कुंकवाचा करंडा सांडावा तसे न्यूक्लियसभर.

हे सांडणं उगाच नाही. ग्लायोब्लास्टोमात ईजीएफआरच्या जादा प्रती बहुतेक वेळा क्रोमोसोमवर नसतातच. डबल मिनिट म्हणतात त्या बारक्या डीएनए वर्तुळांवर त्या सुट्या हिंडत असतात. या वर्तुळांना सेंट्रोमिअर नसतो, म्हणून पेशी दुभंगताना वाटणी सारखी होत नाही. एकीच्या वाट्याला पंधरा, शेजारणीच्या वाट्याला साठ. असं विषम चित्र दिसलं की नवे लोक घाबरून रिपीट लावतात. नका लावू. तो गाठीचा स्वभाव आहे.

आधी बिघाडाची हद्द आखा

काहीही बदलण्याआधी एवढं बघा की बिघाड किती दूर पसरलाय. कंट्रोलसकट अख्खी बॅच फिकी असेल, तर दोष त्या खेपेच्या कामात आहे: हायब्रिडायझेशनचं (रात्रभर प्रोब डीएनएला चिकटवण्याचं) मशिन, प्रोब, वॉश, मायक्रोस्कोपचा दिवा. आमच्याकडे एकदा मध्यरात्री वीज गेली, मशिन इन्व्हर्टरवर नव्हतं, वीज आल्यावर ते मुकाट उभं राहिलं आणि सकाळी आम्ही प्रोबच्या कंपनीला फोन करत बसलो. एकाच स्लाइडचा एखादा कोपरा फिका असेल तर कव्हरस्लिपखाली बुडबुडा राहिलाय किंवा कडेचं रबर सिमेंट उकललंय आणि तिथला प्रोब सुकलाय. (द्वारका चौकातल्या पंक्चरवाल्याचं सोल्यूशन आणि आपलं रबर सिमेंट हे चुलतभाऊच, पण तो प्रयोग आमच्याकडे होऊन गेलाय. कव्हरस्लिप निघता निघत नाही.) मर्क्युरी दिवा वापरत असाल तर त्याचे तास लिहून ठेवा. साधारण २०० तासांनंतर तो उजेड देतो, पण सिग्नल उठवत नाही.

खरी डोकेदुखी वेगळ्याच प्रकारची: कंट्रोल छान, ब्रेनच्या सगळ्या स्लाइड खराब. आमची जानेवारीतली केस तीच.

निळं आधी वाचा

लाल-हिरव्याच्या शोधात लोक डॅपीचा (न्यूक्लियस निळा दाखवणाऱ्या रंगाचा) फिल्टर पाच सेकंदांत ओलांडून पुढे जातात. मी तिथे पाच मिनिटं थांबते. डॅपीत न्यूक्लियस कसा दिसतो यावरून पेप्सिनने, म्हणजे प्रोबला वाट मिळावी म्हणून प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमने, काम किती केलं ते कळतं, आणि फिशमधल्या निम्म्या तक्रारींचं मूळ पेप्सिनमध्ये असतं, असं माझं मत आहे.

पचन कमी झालं तर न्यूक्लियस मळकट दिसतात, कडा स्पष्ट नसतात, भोवती तंतूंचं जाळं तसंच राहतं आणि हिरव्या फिल्टरमध्ये ते जाळंही चमकतं. प्रोब आत शिरलेलाच नसतो. पचन जास्त झालं तर न्यूक्लियस मधून पोकळ, मेदूवड्यासारखे, कडा कुरतडलेल्या, काही जागी नुसता निळा डाग. बरोबर पचन म्हणजे कडा रेखीव, आतला पोत दिसतो, भोवती काळोख.

या दोन्हींवरचे उपाय एकदम उलटे आहेत, म्हणून अंदाजाने वेळ वाढवू नका. कमी पचलेली स्लाइड वाचवता येते: कव्हरस्लिप अलगद काढा, धुवा, पुन्हा पेप्सिन द्या, पुन्हा अल्कोहोल, पुन्हा प्रोब. जास्त पचलेल्या स्लाइडला उपाय नाही, नवा सेक्शनच लागतो. म्हणून शंका असेल तेव्हा मी कमीच्या बाजूने चुकते.

आमच्या तिन्ही स्लाइड मळकट होत्या. तिघांचंही पचन कमी. तरी कंट्रोल मात्र उत्तम, हे कसं?

जारमधलं थर्मामीटर

त्या संध्याकाळी मी जुनी रजिस्टरं काढली. रिपीटच्या नोंदींवर पेन्सिलने खुणा करत गेले तर त्या सगळीकडे सारख्या पसरल्या नव्हत्या. डिसेंबर-जानेवारीत गर्दी, एप्रिल-मेमध्ये जवळपास शुकशुकाट. मागच्या दोन्ही हिवाळ्यांत आम्ही प्रोबचा लॉट बदलला होता, फेब्रुवारीत प्रश्न 'सुटला' होता, आणि श्रेय नव्या लॉटला देऊन मोकळे झालो होतो.

दुसऱ्या दिवशी ज्युनिअरला म्हटलं, तू नेहमीसारखं कर, मी नुसती बघते. त्याने शेल्फवरून हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचं पातळ द्रावण घेतलं, जारमध्ये ५० मिलि ओतलं, पेप्सिन टाकलं, ढवळलं, जार वॉटर बाथमध्ये ठेवला. बाथच्या डिस्प्लेवर ३७. दोन मिनिटांनी स्लाइड आत. मी काचेचं साधं थर्मामीटर बाथमध्ये न टाकता जारमध्ये टाकलं. २३.

शेल्फवरचं द्रावण खोलीएवढंच गार होतं आणि जाड काचेचा जार गरम व्हायला अर्धा तास घेतो. दहा मिनिटांच्या पचनात तो सदतीसला पोचतच नव्हता. मेमध्ये खोलीच पस्तिशीला असते, त्यामुळे तोच प्रोटोकॉल, तेच हात, तरी काम फत्ते. आम्ही तीन वर्षं ऋतूला प्रोबचं नाव देत होतो.

आणि कंट्रोल? आमची कंट्रोल स्लाइड टॉन्सिलची. एक दिवस नीट फिक्स केलेलं, पेशींनी खच्चून भरलेलं, तंतू जवळपास नाहीत. अर्ध्या पचनातही त्यात प्रोब शिरतो. ग्लायोमाचं तसं नाही. तिथे ग्लियल तंतूंचं विणलेलं जाजम असतं, ते कापल्याशिवाय न्यूक्लियसपर्यंत वाट मिळत नाही. प्रत्येक परीक्षेला नव्वद टक्के घेणाऱ्या पोरावरून प्रश्नपत्रिका अवघड होती का, हे कसं कळणार? आमचं कंट्रोल तसंच होतं. कुठल्याही चुकीत पास.

तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या. पेप्सिनचं अ‍ॅसिड अर्धा तास आधी बाथमध्ये जातं, पेप्सिन पावडर आयत्या वेळी पडते, आणि स्लाइड टाकण्याआधी जारमधलं तापमान रजिस्टरमध्ये लिहायचं. बाथचं नाही, जारमधलं. अ‍ॅसिडचा पीएचही पट्टीवर पाहायचा, दोनच्या आसपास हवा, त्याहून फार वर गेला की पेप्सिन सुस्तावतं. दुसरी गोष्ट, कंट्रोल म्हणून मेंदूचीच उती लावायची. एपिलेप्सीच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या टेम्पोरल लोबचे जुने ब्लॉक कुठल्याही मोठ्या पॅथॉलॉजी विभागात असतात. रीतसर परवानगी घेऊन त्यातला एक मिळाला तर सोनं.

हाच सापळा वॉशलाही आहे. हायब्रिडायझेशननंतरचा ७२-७३ अंशांचा वॉश दोनच मिनिटांचा. थंडीत एकदम सहा गार स्लाइड त्यात बुडवल्या की तापमान कोसळतं आणि प्रोब नको तिथे चिकटून राहतो. सगळीकडे ठिपके, आकाशगंगा. एका वेळी चारपेक्षा जास्त स्लाइड घालू नका, आणि दोन खेपांमध्ये तापमान परत चढू द्या.

फॉर्मॅलिनची बाटली

आपली बाजू स्वच्छ झाली की मग ब्लॉककडे बोट दाखवायचा हक्क मिळतो. तिथेही दोष असतोच, नाही असं नाही.

एकदा तालुक्याच्या गावाहून एक बाटली आली. मूळची खोकल्याच्या औषधाची असावी, अरुंद तोंडाची. आत मेंदूचा तुकडा बाटलीच्या गळ्यापेक्षा मोठा, कोंबून घातलेला, आणि वर जेमतेम बुडेल एवढं फॉर्मॅलिन. पट्टी बुडवली तर पीएच चारच्या आसपास. ऑपरेशन शनिवारी संध्याकाळी, आमच्या हातात बाटली मंगळवारी. तुकडा कापला तर बाहेरची कड रबरासारखी आणि मधला गाभा गुलाबी, मऊ. एकाच तुकड्यात बाहेर जास्त फिक्स, आत सडलेला.

फॉर्मॅलिन उतीत तासाला साधारण एक मिलिमीटर शिरतं, तेही सुरुवातीला. म्हणून तुकडे पातळ हवेत, आणि फॉर्मॅलिन उतीच्या किमान दहा पट. बफर नसेल तर फॉर्मॅलिनचं हळूहळू फॉर्मिक अ‍ॅसिड होतं आणि ते डीएनए तोडतं. बफर करणं काही अवघड नाही: १०० मिलि तीव्र फॉर्मॅलिन, ९०० मिलि डिस्टिल्ड पाणी, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट, ६.५ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. नळाचं पाणी नको. आम्ही हे एका कागदावर मराठीत छापून, पाठवणाऱ्या प्रत्येक ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरांना दिलं, सोबत रुंद तोंडाच्या डब्या. कागदापेक्षा डब्यांचा उपयोग जास्त झाला.

फिक्सेशनचा वेळ ६ ते ७२ तासांच्या आत ठेवायचा हा नियम मुळात स्तनाच्या कॅन्सरच्या हर-२ तपासणीचा, पण ब्रेनच्या फिशलाही तो पाळलेला बरा. दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवस बुडून राहिलेला तुकडा आला तर पेप्सिन पाच-पाच मिनिटांनी वाढवत न्या आणि प्रत्येक टप्प्याला डॅपीत बघा. कमी फिक्स झालेल्या तुकड्यात उलटं, नेहमीचा वेळही जास्त होतो.

कॉटरीने (ऑपरेशनमधल्या विजेच्या चटक्याने) जळालेली कड, नेक्रोसिसचा भाग आणि रक्ताच्या गुठळ्या यांवर फिश करण्यात अर्थ नाही. ग्लायोब्लास्टोमात नेक्रोसिस बहुतेक वेळा असतो, कधी अख्खा ब्लॉक तोच. म्हणून एचअँडई (नेहमीच्या रंगांच्या) स्लाइडवर पॅथॉलॉजिस्टकडून जिवंत गाठीची जागा आखून घ्या आणि फिशच्या स्लाइडवर ती मागच्या बाजूने डायमंड पेन्सिलने कोरा. मार्करने आखाल तर झायलिनच्या पहिल्याच जारमध्ये खूण विरघळते, आणि मग आपण मोजतोय ती गाठ की गाठीचा शेजार, हे देवच जाणे.

आणखी एक, ज्यासाठी आमच्या मॅडम माझ्यावर अजून चिडतात: लहान बायोप्सी असेल तर पहिल्याच वेळी दहा-बारा कोरे सेक्शन एकदम कापून ठेवा. प्रत्येक वेळी ब्लॉक मायक्रोटोमवर नव्याने लावला की तो सपाट करण्यातच मौल्यवान मिलिमीटर जातो.

स्लाइडवरचा साक्षीदार

बाहेरची कंट्रोल स्लाइड कितीही चांगली निवडली तरी ती वेगळ्या माणसाची, वेगळ्या बाटलीतली. या केसच्या उतीवर काय गुजरलं हे तिला माहीत नसतं. ते माहीत असलेला साक्षीदार त्याच स्लाइडवर उभा असतो: रक्तवाहिनीच्या अस्तराची पेशी. लांबट, किंचित वाकलेला न्यूक्लियस, एका गोलाकार रेषेत चार-पाच ओळीने. ही पेशी गाठीची नाही, म्हणून तिच्यात दोन लाल, दोन हिरवे असायलाच हवेत. सेक्शन चार मायक्रॉनचा असल्याने न्यूक्लियस कापला जातो आणि एखादा ठिपका खालच्या-वरच्या सेक्शनमध्ये निघून जातो, हे धरून चाला; पण पाच-सात पेशी पाहिल्या की चित्र कळतं.

मोजणीला हात घालण्याआधी ही रक्तवाहिनी शोधायचीच, असा आमच्याकडे आता दंडक आहे. रक्तवाहिनीत दोन-दोन स्वच्छ दिसतात आणि गाठीतही दोन-दोन, तर ते खरं निगेटिव्ह. रक्तवाहिनीतच काही दिसत नाही, तर गाठीबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही. रिपोर्टवर 'तपासणी अयशस्वी' जातं, 'निगेटिव्ह' जात नाही. रक्तवाहिनीत दोन-दोन आणि गाठीत पाच लाल, पाच हिरवे असतील तर ती पॉलिसोमी, अख्खा ७ नंबरचा क्रोमोसोम जास्त झालेला. ग्लायोब्लास्टोमात हे फार वेळा दिसतं. हिरव्याकडे न बघता नुसते लाल मोजणारा इथे हमखास 'अ‍ॅम्प्लिफिकेशन' लिहून मोकळा होतो. लाल भागिले हिरवे काढा: पाच भागिले पाच, गुणोत्तर १. अशी किरकोळ वाढ वर्गीकरणाच्या अर्थाने अ‍ॅम्प्लिफिकेशन धरत नाहीत. तिथे अपेक्षा ठळक, मोठ्या वाढीची आहे.

गुणोत्तर २ किंवा जास्त ही आमची सीमारेषा, पण सरासरीवर आंधळा विश्वास नको. समजा गाठीच्या पसरत्या कडेचा तुकडा आलाय. शंभर पेशी मोजल्या. पाचांत प्रत्येकी वीस लाल, उरलेल्या पंचाण्णवांत दोन-दोन. सगळ्यांत हिरवे दोन. एकूण लाल १०० अधिक १९०, म्हणजे २९०, हिरवे २००. गुणोत्तर १.४५. कॅल्क्युलेटर म्हणतो निगेटिव्ह. पण वीस लाल ठिपके घेऊन बसलेल्या पाच पेशी काही अपघाताने तयार होत नाहीत. त्या गाठीच्या आहेत आणि बाकीच्या बहुतेक मूळ मेंदूच्या. अशा वेळी सरासरीसोबत पेशींचं वर्णन लिहायचं आणि पॅथॉलॉजिस्टला खुर्चीत बसवून ती जागा दाखवायची.

सिग्नलचं सोंग घेणाऱ्यांनाही ओळखून ठेवा. वयस्कर माणसाच्या मेंदूत लिपोफ्युसिन हे रंगद्रव्य साठतं आणि ते आपसूक चमकतं, नारिंगी-पिवळ्या कणांसारखं. तांबड्या रक्तपेशीही चमकतात. परीक्षा सोपी आहे: फिल्टर बदला. खरा लाल सिग्नल फक्त लाल फिल्टरमध्ये दिसतो. लिपोफ्युसिन लाल, हिरव्या, सगळ्या फिल्टरमध्ये हजर. शिवाय ते न्यूक्लियसच्या बाहेर, कडेला ढिगाने असतं.

लहान मुलांच्या मेड्युलोब्लास्टोमा या ब्रेन ट्यूमरमध्येही हाच खटाटोप, फक्त जीन मिक आणि मिक-एन, आणि कंट्रोल प्रोब अनुक्रमे ८ आणि २ नंबरच्या क्रोमोसोमचे. तिथला सापळा उलटा. पेशी लहान आणि एकमेकींवर रेललेल्या असतात, त्यामुळे दोन पेशींचे ठिपके एकीच्या नावावर चढतात. सेक्शन तीन-चार मायक्रॉनच्या वर जाऊ देऊ नका आणि कडा सुट्या दिसतात तेवढ्याच पेशी मोजा.

एक प्रश्न रिसेप्शनवर हमखास येतो. रिपोर्ट हातात घेतलेले नातेवाईक मोबाइलवर ईजीएफआर शोधतात, त्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरच्या गोळ्या सापडतात आणि ते विचारतात, "मॅडम, आमच्या अण्णांनाही ती गोळी चालेल ना?" ते डॉक्टरांनाच विचारा, असंच मी सांगते, पण तंत्रज्ञाला कारण माहीत असावं. फुप्फुसात त्या गोळ्या जीनमधल्या विशिष्ट म्युटेशनवर चालतात. इथे जीनच्या प्रती वाढलेल्या असतात, आणि यांतल्या साधारण निम्म्या गाठींत जीनचा २ ते ७ क्रमांकाच्या एक्सॉनचा (जीनच्या तुकड्यांचा) भाग गळालेला असतो. एर्लोटिनिब, गेफिटिनिब ग्लायोब्लास्टोमात वापरून पाहिली गेली, अपेक्षित गुण आला नाही. आज या तपासणीचं वजन निदानात आहे.

कुठे थांबायचं

दोनदा फिश फसलं, रक्तवाहिनीही मुकी, आणि ब्लॉक संपत आला, तर तिसरा प्रयत्न करू नका. वर्गीकरणाला तिन्हींपैकी एकच खूण पुरते, म्हणून उरलेले सेक्शन टर्ट प्रमोटरच्या तपासणीला द्या. एनजीएस (एकदम अनेक जीन वाचणारी तपासणी) किंवा अ‍ॅरे (क्रोमोसोमच्या प्रती मोजणारी चिप) परवडत असेल तर त्यात ७ आणि १० नंबरचा हिशोबही एकाच वेळी निघतो. मात्र त्या तपासण्यांत सगळ्या पेशींचा डीएनए एकत्र वाटला जातो. वरच्या उदाहरणातल्या त्या पाच पेशी तिथे हरवण्याची शक्यता जास्त. आणि ईजीएफआरचं इम्युनो (प्रथिन रंगवून दाखवणारी तपासणी) गडद आलं म्हणून अ‍ॅम्प्लिफिकेशन गृहीत धरू नका, प्रथिन जास्त असण्याची कारणं इतरही असतात.

आमच्या त्या तीन स्लाइड मी तशाच ठेवल्या होत्या. जार अर्धा तास गरम केला, पुन्हा पचवल्या, पुन्हा रात्रभर प्रोब. सकाळी नाशिकच्या केसमध्ये रक्तवाहिनीत दोन-दोन आणि भोवती सगळीकडे लाल सडा. मोजायचीही गरज नव्हती, तरी मोजलं. मालेगावच्या केसमध्ये चार-पाच लाल, चार-पाच हिरवे, म्हणजे पॉलिसोमी. दोनच दिवसांपूर्वी या दोन्ही ब्लॉकना मी मनातल्या मनात खराब ठरवलं होतं.

धुळ्याच्या स्लाइडवर मात्र पचन बरोबर होऊनही न्यूक्लियस भुतासारखे होते आणि रक्तवाहिनीतही काही नाही. तो ब्लॉक खरोखरच गेलेला होता. मॅडमनी फोन करून विचारलं, त्याच ऑपरेशनचा दुसरा ब्लॉक आहे का? होता. तिसऱ्या दिवशी कुरिअरने आला. ज्युनिअरने न सांगता आधी थर्मामीटर जारमध्ये बुडवलं, वाकून बघितलं आणि रजिस्टरमध्ये ३७ लिहिलं. दुसऱ्या सकाळी रक्तवाहिनीत दोन-दोन, गाठीत दोन-दोन. निगेटिव्ह, आणि यावेळी छातीठोक. उरलेले चार कोरे सेक्शन त्याच दुपारी टर्टला पाठवले.